मांजरापुढचे एकतीस

लेकीनं फोनवर विचारलं, "आई, हात कसा आहे आता?" आणि माझं डोकंच फिरलं. एकदा तिच्यासमोर माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं, तेव्हापासून हाच प्रश्न. महिन्याभरात ती बाळंत होणार होती. दवाखाना जवळ हवा म्हणून सांगलीतच राहणार होती, आणि तिथं जाऊन बाळाला न्हाऊ घालायचं मी पक्कं ठरवून बसले होते. उंब्रजमधल्या आमच्या निम्म्या आळीची पोरं माझ्या पायांवर न्हालीत. मी म्हटलं, "हात झकास आहे. कालच गेममध्ये एकतीस केलेत!"

हा गेम जावयानं दिलेला. हातात मावणारा काळा डबा, आणि त्यात एकामागून एक चिमुकले खेळ. डास मारा, पडतं अंडं झेला, उतू जाणारं दूध उतरवा. प्रत्येकाला चार-पाच सेकंद. पुढं वेग असा वाढतो की श्वास घ्यायला सवड नाही, आणि चार चुका झाल्या की संपलं. माझ्या नावाला मांजराचं चित्र, फौजेतून निवृत्त झालेल्या आमच्या मालकांना कुत्र्याचं. चित्रापुढं ज्याचा त्याचा सर्वांत मोठा आकडा.

खरं सांगते, एकतीस केल्याचं मला आठवत नव्हतं. आठवत होते अठरा, फार तर एकोणीस. पण सकाळी मांजरापुढं एकतीस दिसले आणि मी म्हटलं, असतील बाई, चष्मा लावला नसेल. चार दिवसांनी चौतीस झाले. मग मात्र मनात पाल चुकचुकली. घरात माणसं दोनच. मी न्हाणीत गेले की टीव्हीचा आवाज का वाढतो? बाजारातून आले की हे एवढं गोड का बोलतात? अख्ख्या संसारात कधी "दमलीस का" विचारलं नव्हतं या माणसानं!

एक दिवस त्या काळ्या बटणांना काजळ चोपडलं आणि भाजीला जाते म्हणून निघाले. परत आले तर स्वारी ओसरीवर पेपर वाचत बसलेली. दोन्ही अंगठे काळे, आणि पांढऱ्या मिशीलाही काळा पट्टा. डबा उघडून बघितला. मांजरापुढं छत्तीस.

"आवं, माज्या नावावर खेळताय व्हय? लाज न्हाई वाटत?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "दिवाळीपासनं तुजा उजवा हात मागं पडतोय. रोज आकडा बघून तू हिरमुसायचीस. मला बघवंना."

"आणि त्या आकड्याच्या भरवशावर मी बाळ पायावर घेतलं असतं! हातातनं निसटलं असतं म्हंजी?"

मी त्यांच्यासमोरच खेळायला बसले. चौदा. पुन्हा खेळले. अकरा. अंडं दिसत होतं, कुठून पडतंय तेही कळत होतं, पण अंगठाच वेळेवर दाबला जात नव्हता. लय भ्याले मी.

ते उठले, म्हणाले, उद्या कराडला डॉक्टरकडं जाऊ. मी मान हलवली आणि आधी लेकीला फोन लावला. उगाच इकडचं तिकडचं बोलत बसले नाही.

"बाळाच्या अंघोळीला एखादी बाई बघ. मी नुसती शेजारी बसेन."

"आई, बाई मी कधीच बघून ठेवलीय," ती म्हणाली. "तुला सांगवत नव्हतं."