पंखवाल्या म्हाताऱ्याचं घड्याळ

आमच्या शेणवे गावच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से भराभर साठतात. पुस्तकं निदान परत तरी करावी लागतात! त्यातले निम्मे किस्से एकट्या फ्रेंच घड्याळाचे. फार्महाऊस विकून जाताना एका शेठनी ते आम्हाला दिलं. जुनं, ब्राँझचं, वर सोन्याचा मुलामा. तबकडीच्या डोक्यावर पंखवाला म्हातारा, हातात भलामोठा विळा. एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण घेतलेलं पोर.

मी इथली ग्रंथपाल, लगेच लेक्चर दिलं, "हा काळाचा देव! सगळ्यांचं आयुष्य कापत जातो."

अध्यक्ष भाऊ म्हाताऱ्याला न्याहाळत म्हणाले, "पंख हायत, विळा हाय, आन बसलाय नुसता! आमाला गवत कापाला माणूस मिळत नाय."

*

देवीच्या अंगावर कपडा नव्हता. वाचनालयात झाडलोट करणाऱ्या काशीकाकूंनी दुसऱ्याच दिवशी तिला खणाचा तुकडा गुंडाळला, वर ओटीही भरली.

"काकू, अहो ही कला आहे!"

"असू दे गो. एवढ्या लांबून आल्ये, कोणी इचारलं नाय तिला!"

*

त्या पोराचा बाण लागला की माणूस प्रेमात पडतो, हे मी सांगायला नको होतं. माझ्या अभ्यासिकेत मुली बसतात ना! कमिटीने घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं. मग वेळ कशी बघायची? मी भांड भांड भांडले. शेवटी तोडगा निघाला. बाणाच्या टोकाला खोडरबर!

*

खरं भांडण वेगळंच होतं. बारावीची परीक्षा तोंडावर, मुलींना घरी अभ्यासाला जागा नाही, आणि भाऊंचा नियम असा की या घड्याळात सातचे ठोके पडले की अभ्यासिका बंद. घड्याळाला चावीही तेच देणार. ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात!

"भाऊ, नऊपर्यंत तरी बसू द्या."

"नियम म्हंजे नियम."

त्यांची नात वैशाली रोज अर्धं गणित टाकून उठायची.

*

परवा घड्याळ पावणेसातलाच थांबलं. बंद घड्याळाचा फायदा घ्यायचा नाही, म्हणून मी तडक भाऊंच्या घरी.

"भाऊ, चावी द्या."

"चावी? ती हरवली गो!"

बऱ्याच वेळाने, मिट्ट काळोखात, भाऊ बॅटरी घेऊन आले. मुली वह्या आवरायला लागल्या. भाऊंनी घड्याळावर उजेड मारला.

"पावणेसात. बसा गो, अजून टाइम हाय."

मग ते वैशालीच्या वहीवर वाकले. सदऱ्यातून काळा दोरा लोंबला आणि चावी बाकावर टण्णकन वाजली.

एकीनेही मान वर केली नाही.