बांधावर उतरलेला सरडा

कल्पना करा, चिमटीत जिवंत टोळ धरून तुम्ही कॉफीच्या झाडासमोर उभे आहात. समोर फांदीवर हातभर लांबीचा हिरवा सरडा. त्याचा एक डोळा टोळावर, दुसरा भलतीकडेच. हात हलवायचा नाही, घाई करायची नाही. दोन्ही डोळे टोळावर आले की जीभ सुटते आणि चिमटी रिकामी होते.

व्होलोलोनाला हे तिच्या नवऱ्याने, फेनोसोआने शिकवलं. सरडा त्याचाच. भाताच्या दोन सुगींपूर्वी तो मादागास्करच्या दक्षिणेला नीलमच्या खाणीत गेला, तेव्हापासून टोळ तीच धरते. तो धरायचा तसाच, डाव्या हाताने. कधी कधी त्या हाताकडे बघताना तिला वाटतं, हा आपला नाहीच.

महिन्याभरापासून सरड्याने नवीनच खूळ काढलं होतं. जन्मात झाड न सोडलेला तो दुपार कलली की खाली उतरायचा आणि अंगणभर डुलत फिरायचा. अंडी घालायला म्हणावं, तर नर. तहान म्हणावी, तर पानांवर शिंपडलेलं पाणी तो चाटायचा आणि तरी उतरायचाच.

"माणूस शोधतोय तो," शेजारीण बाकोली म्हणायची, "तुझ्यासारखाच!"

"गप गं!" व्होलोलोना म्हणायची. पण मनातून तिला ते आवडायचं.

वाडीत फोन लागत नाही. फेनोसोआ गुरुवारी चार वाजता रस्त्यावरच्या झाफी दुकानदाराच्या फोनवर बोलायचा. मागच्या खेपेला म्हणाला होता, "येतोय की नाही, ते पुढच्या गुरुवारी नक्की सांगतो."

त्या गुरुवारी ती धुतलेला लांबा, अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खांद्यावर घेऊन निघाली. दोन्हीकडे पाण्याने भरलेली भातखाचरं, मध्ये अरुंद बांध. आणि बांधावर, तिच्या पुढे, सरडा. एक पाय उचलायचा, हवेत झुलवायचा, मग टेकवायचा.

चिखलात रोपं लावणारी बाकोली ओरडली, "अगं, उचल की त्याला! रोज हातावर घेतेस ना?"

"झाडावर घेते. आता तो वाटेला लागलाय, वाटेवरच्याला अडवू नये."

"मग खाचरातून पुढे जा."

"त्याची वाट कापून? नवरा परक्या मुलखात असताना? तू गेली असतीस?"

बाकोलीने मान खाली घातली आणि पुढचं रोप चिखलात खोचलं.

व्होलोलोना मागे उभी राहिली. तो एक पाऊल टाकायचा, मग तीही एक. आधी तिने त्याला गोंजारल्यासारखं म्हटलं, "चल रे राजा." मग "चल की मेल्या." मग नुसतेच डोळे भरून आले. बांध संपला, तो गवतात शिरला आणि ती पळत सुटली.

झाफी दुकानासमोर उभा होता. "आत्ताच ठेवला गं. तीनदा लावला त्याने."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तिला सांग… आणि गप्पच झाला. मग म्हणाला, राहू दे, तिलाच सांगेन."

"आवाज कसा होता?"

"आवाजासारखा आवाज! मला काय कळतंय?"

त्यानंतर चार गुरुवार गेले. फोन आला नाही. झाफीने उलट लावून पाहिला, तर लागला नाही. ती मात्र तीनलाच जाऊन झाफीच्या बाकावर बसते. झाफी न विचारता पेलाभर कॉफी पुढे ठेवतो आणि ती ते अर्धं वाक्य पुन्हा पुन्हा मनात फिरवत राहते. तिला सांग, येतोय? की तिला सांग, वाट बघू नकोस?