निवेदकाकडून कंपनीचं नाव घेववणाऱ्या मिस गॅदरकोल

मिस म्युरिएल गॅदरकोल आमच्या क्रॉयडनच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि हप्त्यांवर मोटारी द्यायच्या, हा 'थ्रिप अँड हॅडो क्रेडिट' या आमच्या कंपनीचा धंदा. १९६० साली थ्रिपसाहेबांनी शर्यतीच्या गाड्यांचा एक संघ पोसायला घेतला. संघाला कंपनीचं नाव मिळालं, पण गाडीवर जाहिरात रंगवायला तेव्हा बंदी होती. नाव लोकांच्या कानावर पडणार ते रेडिओवरच्या निवेदकाच्याच तोंडून.

"मिस गॅदरकोल, तो पूर्ण नाव घेतो का बघा. नाही घेतलं तर घ्यायला लावा."

"साहेब, मला गाड्यांतलं काही कळत नाही."

"मला तरी कुठं कळतं?"

सोबतीला मला धाडलं. ईस्टरच्या सोमवारी आम्ही गुडवुडच्या मैदानावर पोचलो, तर निवेदक आपला 'ती पोपटी गाडी, ती पोपटी गाडी' करतोय. बाई केकचा डबा घेऊन तडक त्याच्या माचावर चढल्या.

"अहो, पोपटी काय? तिला नाव आहे!"

"बाई, एवढं नाव घेईस्तोवर गाडी पुढच्या वळणावर पोचते."

"मग भराभरा घ्या. आधी केक खा."

केक चांगला असणार. कारण तिसऱ्या फेरीत आमची गाडी धूर ओकत थांबली आणि तो भरल्या तोंडानं ओरडायला लागला, "थ्रिप अँड हॅडो क्रेडिट बंद पडली! थ्रिप अँड हॅडो क्रेडिटला ढकलत बाहेर काढतायत!"

"आता पोपटी म्हणा हो!" बाई त्याची बाही ओढत होत्या.

"छे! आत्ता कुठं जीभ वळायला लागलीय."

मंगळवारी कचेरीच्या दारात ठेवीदार म्हाताऱ्यांची रांग. पुढे मिसेस पमरी, हातात ठेवीची पावती.

"कंपनी बंद पडली म्हणे?"

साहेब आतून कडी लावून बसले. बाईंनी मात्र सगळ्यांना चहा दिला आणि टीपकागदावर इंजिन काढून दाखवलं. मेकॅनिककडून त्यांनी सगळं विचारून घेतलं होतं.

"कंपनी धडधाकट आहे. ही तेलाची नळी फुटली, एवढंच."

"मग नळी चांगली का नाही बसवली?" मिसेस पमरींनी दरडावलं.

"हेच मी त्यांना विचारलं!"

एकीनंही ठेव काढली नाही. पुढच्या वेळी साहेब दुसऱ्याला पाठवायला निघाले, तर बाई हटून बसल्या. हळूहळू त्या फेऱ्यांच्या वेळा टिपू लागल्या, आणि दोन वर्षांनी साहेबांची हौस फिटली तेव्हा राजीनामा देऊन दुसऱ्या संघात वेळ नोंदवायला गेल्या.