जांबाला कूलर

बसा, चहा येतोच आहे. तोवर माझी एक फजिती ऐका. हसायचं असेल तर मध्येच हसून घ्या, कारण शेवटी हसू येईल की नाही याची खात्री मला अजून नाही.

तर आमच्या अंगणात एक जांब होता. जांब म्हणजे पेरू. चंद्रपुरात पेरू म्हटलं की लोक समजतात, हा पुण्याहून आला! पण हा साधासुधा जांब नव्हता बरं का. चामोर्शीला माझ्या सासूबाईंच्या दारात एक झाड होतं, त्यांच्या लग्नाच्या वर्षी सासरेबुवांनी लावलेलं. आतून लालभडक. सासरे गेले, झाड राहिलं. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि झाड त्यात जाणार हे कळलं. तेव्हा सासूबाईंनी फांद्यांना माती बांधून गुटी कलमं केली. त्यातलं एकच जगलं. ते रोप मांडीवर घेऊन त्या एसटीनं आमच्याकडे आल्या आणि माझ्या बायकोच्या, वंदनाच्या हातात दिलं.

"जपजो वं पोरी," एवढंच म्हणाल्या. त्याच पावसाळ्यात मोठं झाड तुटलं. सासरेबुवांचं म्हणून जे काही उरलं, ते आमच्या दारात.

वंदना म्हणाली, "मोरीजवळ लावू. सांडपानी भेटन, अन् दुपारी सावली बी रायते."

किती सरळ गोष्ट! पण सरळ ऐकेल तो मी कसला? मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. मला सगळं ओळीत, काटकोनात लागतं. त्यातच मोबाईलवर कुठल्याशा परदेशातल्या बाईंचा व्हिडिओ दिसला. त्यांनी फळझाड भिंतीला लावून अगदी सपाट वाढवलं होतं. मधे खोड, दोन्ही बाजूंना तारांवर बांधलेल्या आडव्या फांद्या. समांतर रेषा! बाई सांगत होत्या, सगळ्यात जास्त ऊन खाणारी भिंत निवडा, ती दिवसभर तापते आणि रात्री झाडाला ऊब देते.

ऊब! आमचं गाव उन्हाळ्यात कशासाठी बातम्यांत येतं, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. आणि मी इथे झाडाला ऊब द्यायला निघालो होतो! शिवाय त्या बाईंच्या अंगात जाड स्वेटर होता. भरदुपारी बागेत स्वेटर! तेवढा एक स्वेटर मला दिसला नाही.

झालं! पश्चिमेकडे तोंड करून असलेल्या कुंपणभिंतीला मी खिळे ठोकले, तारा ताणल्या, गवंड्याची पाणसळ लावून त्या तपासल्या. रोप भिंतीशी लावलं आणि फांद्या जसजशा वाढल्या तसतशा तारांना बांधत गेलो. समोर येईल ती फांदी छाटली. पहिला उन्हाळा रोप इवलंसं होतं, वंदनानं टाकलेल्या गोणपाटाखाली निभावलं. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत काय दिसायला लागलं होतं राव! जो येई त्याला मी आधी अंगणात नेई, मग पाणी विचारी.

सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन.

"जवाईबापू, त्याले बांधून काऊन ठेवलं? पळून जाऊन राह्यलं होतं का?"

"आई, ही शास्त्रीय पद्धत आहे."

"असन बापा. तुमी मास्तर हा." मग म्हणाल्या, "जांब कसा हाय पन?"

हा त्यांचा दर रविवारचा प्रश्न. आधी जांब, मग मुलगी, मग वेळ उरला तर जावई. फाल्गुनात सुपारीएवढी फळं धरली तेव्हा मी ऐटीत सांगितलं. त्यांनी आधी फळं किती ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "पिकला का सांगजा. बुढ्याचा जांब एकदा खाऊन घेतो म्हनतो. दात हायेत तवरक."

आणि चैत्र लागला.

व्हिडिओतल्या बाई खोटं बोलत नव्हत्या. भिंत दिवसभर तापत होती आणि रात्री ऊब देत होती. अशी देत होती की रात्री जेवणानंतरही तिला हात लावला की चटका बसे. पानं कडेनं करपायला लागली. सुपारीएवढी फळं सुपारीसारखीच वाळून खाली पडली.

वंदना म्हणाली, "अवो, सोडा त्याले. तारा कापा, वर कापड टाका."

"तारा कापल्या तर आकार बिघडेल!"

हे मी बोललो. माझ्याच तोंडानं. झाड मरायला टेकलंय आणि मला आकाराची पडली होती.

मग मी डोकं चालवलं. भिंतीची आच झाडाला लागू नये म्हणून मधे टिनाचा चकचकीत पत्रा सरकवला. भिंत पत्र्यामागे गेली, छान! पण समोरून येणारं ऊन? ते पत्र्यावर आपटून उलट जांबावर. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. अंगणात आलो की विसरतो. दोन दिवसांत पानांचे पापड झाले.

आता काय? पत्रा काढला आणि गल्लीच्या तोंडावर कूलर दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना बोलावलं. म्हटलं, झोपायच्या खोलीतला कूलर काढून अंगणात बसवून द्या.

"अंगनात? कोनासाठी गुरुजी? पेशंट हाय का?"

"आहे."

"कुठी हाय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. सलीमभाई जांबाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"झाडाखाली कूलर पायला गुरुजी. झाडाले कूलर पहिली बार पाहून राह्यलो!"

पण माणूस दिलदार. कूलरला गवताच्या नवीन ताट्या लावून दिल्या, वरून पाण्याच्या टाकीत बर्फाची लादी टाकायचा सल्लाही दिला. तेव्हापासून मे महिन्याच्या चंद्रपुरात आमचा जांब कूलरपुढे आणि आम्ही दोघं आत पुठ्ठ्यानं वारा घेतोय. वंदना माझ्याशी बोलेनाशी झाली. लोक फाटकाशी थांबून बघू लागले.

रविवारी फोन. "जांब कसा हाय?"

"कूलरमध्ये बसलाय, आई," मी म्हणालो.

सासूबाई खोकला येईपर्यंत हसल्या. "लय गमती हा तुमी!" आता काय सांगू, आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो! पण ते गंमत म्हणून खपलं आणि मीही खपू दिलं.

पुढच्याच आठवड्यात त्या न कळवता आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पुडीत बांधलेलं तिखट-मीठ. जांबासाठी.

फाटक उघडलं तर कूलर घरघरतोय आणि समोर भिंतीवर, तारांना घट्ट बांधलेल्या, एकदम समांतर, वाळलेल्या काड्या.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. जवळ गेल्या आणि फांदीची साल नखानं खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं. नव्हतं. मग खाली वाकून बुंध्याशी खरवडलं. तिथेही नव्हतं. पुडी कमरेला खोचली.

"कूलर आत घ्या जवाईबापू," म्हणाल्या. "पोरगी घामानं भिजून राह्यली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पुढचा अख्खा पावसाळा मी त्या बुंध्याला रोज बघत होतो, एखादा कोंब फुटेल म्हणून. नाही फुटला. मोरीजवळ लावला असता तर आज तुम्हाला चहाबरोबर जांब कापून दिला असता.

आणि तारा? त्या मी दुसऱ्याच दिवशी कापायला पक्कड घेऊन निघालो, तर सासूबाईंनी अडवलं. वाळलेलं झाड त्यांनी स्वतःच्या हातानं, एकेक गाठ सोडवून मोकळं केलं. मग बाजारातून हिरव्या मिरच्या आणल्या, मीठ-ताकात भिजवल्या, दोऱ्यात ओवल्या आणि माळा त्या तारांवर टांगल्या. संध्याकाळपर्यंत मिरच्या वाळून कुडुम! त्यांनी एक मोडून पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"वाळवाले तुमच्यासारखा हात नाई कोनाचा."

रविवारचा फोन अजून येतो. पण "जांब कसा हाय?" हा प्रश्न बंद झाला. आता होळी झाली की त्या एकदाच विचारतात, "जवाईबापू, भिंत तपली का?"

आणि मी, गणित-विज्ञानाचा मास्तर, मुकाट्यानं अंगणात जातो, भिंतीला हात लावतो, चटका बसला की फुंकर मारतो आणि सांगतो, "तपली आई. आणा मिरच्या."