सर्जनचा हर्निया

रविवार, ११ जानेवारी. वाशीतलं आमचं घर, नाश्त्याच्या वेळी. हजर: बाबा, मी, माझा नवरा, बंगळूरला असलेला धाकटा भाऊ (फोनच्या पडद्यावर) आणि मुकादम. मुकादम बाबांच्या साताऱ्याकडच्या गावचे. घाऊक बाजारात हमालांच्या टोळीचे मुकादम होते, आता निवृत्त आहेत आणि रोज बाबांकडे चहाला येतात. त्यांना बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. विषय एकच होता: बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन कधी करायचं आणि कुणाकडून.

बाबा स्वतः सर्जन आहेत. ऐंशी ओलांडली. त्यांच्या उमेदीच्या काळात वाशीत हर्निया म्हटलं की लोक त्यांचंच नाव सांगायचे. आणि स्वतःच्या जांघेतला हर्निया ते कमरेला पट्टा बांधून, वरून सदरा सोडून, आमच्यापासून लपवत होते. मला कळलं ते कपडे वाळत घालताना. दोरीवर तो पट्टा लटकलेला. विचारलं तर म्हणाले, "कंबर धरते अधूनमधून." सर्जनच्या मुलीला हर्नियाचा पट्टा ओळखता येणार नाही असं त्यांना कसं वाटलं, देव जाणे.

त्यानंतर मी वर्षभर मागे लागले होते. उपयोग शून्य. मग बैठकीच्या आधीच्या गुरुवारी सकाळी बाबा बाथरूममधून बाहेर आले ते पांढरेफटक पडून. खोलीत गेले, आतून कडी लावली. गाठ बाहेर आली होती आणि आत जात नव्हती. मी दाराबाहेर, हातात फोन, अँब्युलन्सचा नंबर समोर.

"बाबा, दार उघडा."

"घाई करू नकोस. मी झोपलोय. पाय वर घेतलेत. जाईल हळूहळू."

"आणि नाही गेली तर?"

"तर बघू."

"बघू"! हाच माणूस आमच्या लहानपणी जेवणाच्या ताटावर बसून सांगायचा की आतडं अडकलं की वाट बघायची नसते, ते काळं पडतं, सडतं, आणि मग माणूस हातचा जातो. आईने कितीदा सांगितलं असेल, अहो, मुलं जेवतायत. बऱ्याच वेळाने कडी निघाली. बाबा बाहेर आले, चहा मागितला आणि मला म्हणाले, "गेली आत. तू जा कामावर, उशीर झाला असेल."

मी उरणच्या बाजूला कंटेनरच्या गोदामात काम करते. कुठला ट्रक कधी आत घ्यायचा, कुठला कंटेनर कधी उतरवायचा, याचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. वेळ चुकली की ट्रक रस्त्यावर अडकतात आणि मला शिव्या बसतात. त्या दिवशी गोदामात सगळं वेळेवर झालं. घरातली एक गाठ मला मार्गी लावता येत नव्हती याचा संताप दिवसभर डोक्यात होता. संध्याकाळी मी बैठक जाहीर केली.

बाबा इथे कसे आले हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते गावातून पुण्याला जाऊन शिकले आणि तिथून वेल्सला गेले. डोंगरातलं कोळशाच्या खाणींचं गाव, तिथलं लहानसं हॉस्पिटल. खाणकामगार वजनं उचलायचे, त्यांना हर्निया व्हायचे, आणि ते शिवायचं कंटाळवाणं काम बाहेरच्या देशांतून आलेल्या ज्युनियर डॉक्टरांच्या वाट्याला यायचं. माझा जन्म तिथला, पण मला त्यातलं काहीच आठवत नाही.

परत आल्यावर सगळ्यांना वाटलं बाबा मुंबईत जम बसवतील. बाबा खाडी ओलांडून इकडे वाशीला आले. इकडे तेव्हा सेक्टर आखलेले होते, त्यांना नंबर होते, माणसं फारशी नव्हती. माझा मामा पहिल्यांदा आला तेव्हा त्याची चप्पल चिखलात रुतली. ती उपसत म्हणाला, "दाजी, विलायतेला जाऊन शेवटी खाडीतच आलात की!" ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे शहर वसत होतं, त्या आसपासच्या गावांतले लोक आम्हाला सेक्टरवाले म्हणायचे आणि दवाखान्यावरून मान वळवून जायचे. त्यांचा राग बाबांना कळत होता. आईला एकटेपणाने रडू यायचं. बाबा म्हणायचे, "येतील. पोट दुखलं की येतील."

मग मुंबईतला घाऊक बाजार इकडे आला. त्याच्याबरोबर साताऱ्याकडचे हमाल आले आणि बाबांना त्यांचे खाणकामगार परत मिळाले.

तपासायची त्यांची पद्धत बाजारभर माहीत होती. पेशंटला उभं करायचं, जांघेत दोन बोटं ठेवायची आणि म्हणायचं, "खोक." दवाखान्यात यायला कुणी लाजत असला तर बाबा बाजारात जाऊन कांद्याच्या पोत्यांच्या आडोशाला तपासायचे. ऑपरेशननंतर तीन महिने वजन उचलायचं नाही अशी सक्त ताकीद. हमाल ती पाळायचे नाहीत. मग बाबा सकाळी बाजारात अचानक जायचे आणि पाठीवर पोतं असलेल्या आपल्या पेशंटला नावानिशी हाक मारून सगळ्यांसमोर फाडून खायचे. बाबा येताना दिसले की टोळीला इशारा करायचं काम मुकादमांचं. दोघांची मैत्री अशी भांडणातून झाली.

तर बैठक. मी म्हणाले, "गुरुवारी जे झालं ते परत होणार. तेव्हा अडकली तर वेळ मिळणार नाही. या महिन्यात ऑपरेशन करायचं. फक्त कुणाकडे, तेवढं ठरवू."

भाऊ पडद्यावरून म्हणाला, "ताई, बाबांना विचार ना. शेवटी ते सर्जन आहेत."

"हे सगळ्यांनी मला ऐकवून झालंय. म्हणूनच इथवर आलोय आपण."

बाबा पोहे खात म्हणाले, "या वयात भूल देणं हीच मोठी जोखीम. गाठ लहान आहे. तोंड रुंद आहे. सहज आत जाते."

"गुरुवारी गेली सहज?"

बाबांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने पोह्यांकडे पाहिलं.

मुकादम कपातला चहा संपवून म्हणाले, "डाक्टर, येक इचारू का?"

"विचार."

"आमाला तुमी बाजारात पोत्याआड लेंगं सोडायला लावलं. खोक म्हनलात, खोकलो. झोप म्हनलात, झोपलो. टेबलावर पोट फाडून घेतलं, तुमाला कदी इचारलं नाय जोखीम काय म्हून. आन आता सोताची पाळी आली तर कडी लावून बसताय व्हय?"

भाऊ हसला. बाबा हसले नाहीत. बशी बाजूला सारून म्हणाले, "बरं. दाखवून येऊ."

मी लगेच दोन ठिकाणी वेळ घेतली. दोन्ही सर्जन एकेकाळी बाबांच्या हाताखाली काम केलेले, आता मोठ्या हॉस्पिटलांत नाव कमावलेले. मला वाटलं, ओळखीचे आहेत, नीट करतील. तिथेच गणित चुकलं.

पहिल्याने बाबांना दारात पाहिलं आणि खुर्चीतून उठून वाकून नमस्कार केला. बाबांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि आपण पेशंटच्या स्टुलावर बसला. आम्ही तसेच बसलो: बाबा डॉक्टरच्या जागी, डॉक्टर पेशंटच्या जागी, मी उभी.

"काय आज्ञा, सर?"

मी सांगायला सुरुवात केली. तो मान हलवत राहिला आणि शेवटी बाबांना म्हणाला, "सर, मी तुम्हाला काय तपासणार? तुम्हालाच काय वाटतं?"

बाबा म्हणाले, "थोडं थांबायला हरकत नाही."

"सर म्हणतात तर थांबू या."

झाली तपासणी! त्याने बाबांना हातही लावला नाही. लावला तो पायांना. नंतर तासभर जुन्या आठवणी, कुठल्या पेशंटची गंमत, कुठल्या नर्सची शिस्त. निघताना पेढ्यांचा पुडा.

दुसऱ्याने त्याच्यावर ताण केली. ज्युनियर डॉक्टरांना बोलावून ओळीत उभं केलं, बाबांबद्दल छोटंसं भाषण केलं, आणि कुणाला तरी खाली पिटाळून शाल आणि नारळ मागवला. माणूस हर्निया दाखवायला गेला आणि शाल-श्रीफळ घेऊन परत आला. शाल बाबांच्या खांद्यावर, नारळ माझ्या हातात, आणि गाठ होती तिथेच.

गाडीत बसल्यावर मी शाल ओढून मागच्या सीटवर फेकली. म्हणाले, "तुम्हाला हे आवडतं, बाबा. कुणी तुम्हाला पेशंट करत नाही, ते तुम्हाला हवंच आहे."

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबांनी वेल्समधल्या त्यांच्या साहेबांची गोष्ट सांगितली. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती.

साहेब तिथलाच, त्या डोंगरातला. तरुणपणी बोटीने आफ्रिकेतल्या एका इंग्रजांच्या वसाहतीत गेला होता. तिथे एकटा सर्जन, नाटकात एकच नट असावा तसा. सगळं स्वतः करायची आणि कुणाचं न ऐकायची सवय तिथेच लागली. उतारवयात परत आला तो तसाच. त्याला हर्निया झाला तेव्हा मोठमोठे सर्जन सोडून त्याने बाबांना सांगितलं, तू कर. बाबांनी विचारलं, मीच का? तर म्हणाला, इतक्या वर्षांत माझ्या टाक्याला चूक म्हणणारा तू एकटाच निघालास.

"मी खरंच भांडलो होतो त्याच्याशी," बाबा म्हणाले. "नोकरी जाईल इतकं."

"मग तुमच्याशी कोण भांडलं?"

"कुणी नाही ना. त्यांना भांडायला मीच शिकवलं नाही. मी ओरडायचो, ते ऐकायचे. आता तेच हात माझ्या पोटात घालायचे?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला भीती वाटते ग."

मागचा ट्रक हॉर्न मारत होता. सिग्नल कधी सुटला मला कळलं नाही. मी गाडी पुढे काढली. घरी येऊन नारळ फोडला आणि चटणी केली.

तिसऱ्या ठिकाणी वेळ घेताना मी बाबांच्या नावामागे डॉक्टर लावलं नाही. पनवेलला विदर्भातून आलेली एक तरुण सर्जन आहे असं गोदामातल्या एका बाईकडून कळलं होतं. बाबांना कुठे चाललोय ते सांगितलं, पण ओळख द्यायची नाही अशी अट घातली. त्यांनी ती मान्य केली याचं मला नवल वाटलं.

मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. वर न बघताच म्हणाली, "काका, उभे राहा. पट्टा काढा. पायजमा खाली." तिने दोन बोटं ठेवली. "खोका."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे तोंड फिरवलं. मागून खोकल्याचा आवाज आला.

"अजून एकदा. जोरात."

परत खोकला.

"कधी अडकली होती का?"

"एकदा," बाबा म्हणाले.

मी पाठमोरी असतानाच म्हणाले, "आठ तारखेला, गुरुवारी. आणि त्याआधीही झालं असणार."

बाबा म्हणाले, "दोनदा."

कपडे नीट करून बसल्यावर बाबांनी विचारलं, "कसं शिवणार? जाळी लावून की टाके घालून?"

तिने आता वर पाहिलं. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"सर्जन."

"मग गाठ दोनदा अडकल्यावरही पट्टा बांधून कसे काय फिरत होते तुम्ही?"

बाबांना असं कुणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही.

बाबा म्हणाले, "मी जाळीविना शिवायचो. चार थरांत टाके. हर्निया कधी परत आला नाही."

"मला ते येत नाही," ती म्हणाली. "बघितलंय, स्वतः कधी केलं नाही. जाळी मला येते, तीच लावीन. पटत नसेल तर दुसरीकडे जा, पण लवकर जा."

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात पुढच्या सर्जनची शोधाशोध सुरू केली होती. वाशीचा फाटा आला तेव्हा बाबा म्हणाले, "हीच करेल."

"नक्की?"

"येत नाही म्हणाली. आमच्याकडचा एकही असं म्हणाला नसता. तिला फोन कर."

मी गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे फोन केला. न जाणो, घरी पोचेपर्यंत मन बदलायचं. ती म्हणाली, बुधवारी ऑपरेशनची जागा आहे, त्याआधी हृदयाच्या डॉक्टरकडून भूल देण्यायोग्य असल्याचा दाखला आणा, वय बघता त्याशिवाय हात लावणार नाही. मला हायसं वाटलं. साधं काम होतं.

दुसऱ्या दिवशी दाखल्यासाठी गेलो. आमच्या सेक्टरमधल्या हृदयाच्या डॉक्टरने दार उघडलं, बाबांना पाहिलं आणि वाकला. त्याच्या वडिलांचा हर्निया बाबांनी शिवला होता. ईसीजीची पट्टी निघेपर्यंत कॉफी आली, बाबांबरोबर फोटो काढून झाले. पट्टी बघून तो म्हणाला, "थोडा बदल दिसतोय, पण सर, तुम्हाला त्रास होत नसेल तर मी लिहून देतो ना, काही प्रॉब्लेम नाही."

बाबांनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. "बदल दिसतोय तर लिहू नकोस. नीट तपास," म्हणाले. तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "सर, तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

आम्ही दाखला न घेता परतलो. बुधवारची जागा दुसऱ्या पेशंटला गेली. पनवेलची डॉक्टर पुढच्या बुधवारची जागा दोन दिवस अडवून धरते म्हणाली. त्यातला एक दिवस संपला आहे. बाबांना न ओळखणारा हृदयाचा डॉक्टर वाशीपासून बेलापूरपर्यंत मला अजून सापडलेला नाही.