आत्याबाईंचा आवळा

आमच्या आत्याबाई भाजी डोळ्यांनी बघत नसत, कानांनी ऐकत. टोपलीत कितीही कोवळा माल असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नाव काय हिचं?" नाव पटलं तर भाजी घरात यायची. नाही पटलं तर विकणाऱ्या बाईनं मुकाट्यानं टोपली उचलायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. निलंग्याकडं आमच्यात सासूला आत्याबाईच म्हणतात. भांडतानाही मी कधी दुसरं काही म्हटलं नाही, आणि भांडले मी पुष्कळ.

"नाव उगं पडत न्हाई," असं त्या म्हणायच्या. "आधीच्या मान्सांनी काय तरी बघूनच ठिवलंय." घरात बाई गरोदर असली की या शास्त्राला धार चढायची. दोडका खायचा नाही, पोर दोडकं होईल, कुणाचं लाडकं होणार नाही. वांगं खायचं नाही, तोंडावर वांग उठतील. भोपळा खायचा नाही, पोराला शाळेत भोपळाच मिळेल. फुटाण्याचं तर नाव काढायचं नाही, त्यात सरळ 'फुट' आहे. गल्लीतल्या पोरी मुद्दाम विचारायच्या, "आत्याबाई, भेंडी चालंल का?" त्या खरोखर विचार करायच्या. दुपारभर भेंडीत काही सापडलं नाही, तेव्हा संध्याकाळी निरोप पाठवला, "चालंल म्हणावं. पर जपून."

गावाला याची फार मजा वाटायची, कारण मी स्वतः भाजी विकणारी. बाजारात मी दोडक्याचे गुण गाऊन गिऱ्हाईक वळवायची आणि घरी आमच्या ताटात दोडका नाही. पण एका भाजीवरून आमच्या घरात कुणी हसत नसे. ती म्हणजे पडवळ.

त्याचं असं झालं. मोठा दुष्काळ पडला त्या साली मला पहिल्यांदा दिवस गेले होते. गावातल्या विहिरी आटलेल्या. पाणी लांबच्या मळ्यातून आणायचं. डोक्यावर घागर, कमरेवर कळशी, आणि दिवसा रोजगाराच्या कामावर खडी फोडायची. शेजारणीच्या मोरीच्या सांडपाण्यावर पडवळाचा एक वेल कसाबसा तगला होता. तिनं प्रेमानं वाटीभर भाजी दिली, मी खाल्ली. पुढं काही दिवसांनी माझं पोट पडलं. बाया भेटायला आल्या. एकीनं विचारलं, "कसं गं झालं असं?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई उंबऱ्यातून बोलल्या, "पडवळ खाल्लं हुतं तिनं."

झालं. घागरीचं नाव कुणी घेतलं नाही, खडीचं घेतलं नाही. मी खाल्लं म्हणून मी घालवलं, असा त्याचा अर्थ साऱ्या गावानं घेतला आणि मीही घेतला. त्या दिवसापासून मला एकच पाहिजे होतं. आत्याबाईंनी ते शब्द मागं घ्यावेत. मी पाटीभर मिरचीपासून सुरुवात करून लातूरला गाळा घेईपर्यंत आले. भल्याभल्या व्यापाऱ्यांना घासाघीस करून घाम फोडला. पण या एका वाक्यावर आत्याबाई तसूभर खाली यायला तयार नव्हत्या. विषय काढला की म्हणायच्या, "झालं गेलं. तुझ्या गवारीवर पाणी शिपड, सुकाय लागली."

पुढं बरीच वर्षं पाळणा हलला नाही. मग आमचा तालुका उस्मानाबादेतून निघाला आणि लातूर नवा जिल्हा झाला. आत्याबाईंना कोण आनंद! त्यांच्या शास्त्रावर सरकारनंच शिक्का मारला होता. "बघ, गाव हाय तिथंच हाय. नुसतं नाव बदललं तर रस्त्याला डांबर आलं." त्याच वर्षी मला पुन्हा दिवस गेले, त्याचंही श्रेय त्यांनी जिल्ह्यालाच दिलं. माझा नवरा बिचारा ऐकून घ्यायचा.

आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं तपासलं. रक्त कमी आहे म्हणाली, लोहाच्या गोळ्या दिल्या. "रोज घ्यायच्या. सोबत एखादा आवळा खा, म्हणजे गोळी चांगली अंगी लागेल." थंडी सुरू झालेली, बाजारात आवळा आलेला, आणि मला तर डोहाळेच आंबटाचे. मी खुशीत घरी आले. आत्याबाईंनी फक्त शब्द ऐकला.

"आवळा? अगं, नावातच आवळनं हाय! आत गेला की आवळणार. लेकरू गुदमरंल."

"आत्याबाई, सिस्टर म्हणाली."

"सिस्टरला हाय का लेकरू?"

"अर्धा खाते."

"अर्धा आवळा अर्धं आवळंल."

"मग पाव फोड. नुसती जिभेवर धरते, गिळत नाही."

"बाजारात बसून बसून तुला सवयच लागली. हितं भाव पडणार न्हाई."

इतक्या चिवट बाईशी व्यवहार करायची वेळ माझ्यावर आधी कधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. बरं, धाक नुसता त्यांचा नव्हता. माझ्याच मनात भीती होती. चोरून खाल्ला आणि काही झालं, तर या वेळी उंबऱ्यातून त्या काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. म्हणून खायचा तो त्यांच्यासमोर, त्यांच्या तोंडून हो म्हणवून, असं मी ठरवलं.

बाजारात माझ्या शेजारी शांतव्वा बसायची. सीमेपलीकडून येणारी कानडी बाई. ती आवळ्याचा ढीग लावून ओरडायची, "नेल्लीकाई, नेल्लीकाई!" एके दिवशी ऐकता ऐकता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चार आवळे पदरात बांधून घरी गेले आणि आत्याबाईंना गाठ दिसेल अशी बसले.

"काय लपवलंस पदरात?"

"नेल्लीकाई."

त्यांनी गाठ सोडली. "आवळेच की गं हे!"

"आवळा मराठी. हे कानडी झाडाचे हायत. ह्यांना आवळा म्हणून हाक मारली तर कळत बी न्हाई."

आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. पण आत्याबाई एक आवळा बोटांत फिरवू लागल्या. ओठ हलत होते. "नेल्ली... निल्ली..." त्यांचं माहेर सीमेवरचं. तिकडचे गडी बैलाला थांबवायचं तर 'निल्लु' म्हणतात. एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"निल्लु म्हंजी थांब! अगं, थांबवनारं फळ हाय हे! आन् तू येडी, येवढे दिवस बोलली न्हाईस व्हय?"

शांतव्वाला मी नंतर विचारलं. ती पोट धरून हसली. नेल्ली वेगळी, निल्लु वेगळं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मी तिला शपथ घातली की हे घरी येऊन सांगायचं नाही.

पण माझी हुशारी माझ्याच अंगावर आली. सकाळी उठल्याबरोबर आवळ्याचा रस. जेवताना आवळ्याची चटणी. दुपारी मीठ लावलेल्या फोडी, संध्याकाळी गुळातला मोरावळा. "खा. थांबतंय." काल एका आवळ्यासाठी जीव टाकणारी मी आज एक कमी करा म्हणून गयावया करू लागले.

"आत्याबाई, सकाळचा रस तरी सोडा."

"सकाळचाच खरा थांबिवतो."

"मग दुपारच्या फोडी."

"त्या घे, मग रसाचं बघू."

आणि एवढं थांबवणारं फळ घरात असताना गोळ्या कशाला, म्हणून त्यांनी त्या फळीवर चढवून ठेवल्या. गोळी हा शब्दही त्यांना पसंत नव्हताच. छातीत जळजळ सुरू झाली, मग पोट बिघडलं, आणि एका दुपारी जुलाबांनी मी इतकी गळून गेले की उठवेना. पोटात कळ आली तशी आत्याबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. गडी येईना म्हणून त्यांनी स्वतः गाडीला बैल जुंपले.

सिस्टरनं तपासलं. पोर ठीक होतं. तिनं मला मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मग आत्याबाईंना जे धारेवर धरलं, ते ऐकून दुखण्यातही मला गार वाटलं.

"आवळा चांगला म्हणून टोपलीभर खायचा असतो का? स्वच्छ धुवायचा, दिवसाला एखादा, आणि उपाशीपोटी जळजळ होते तर जेवल्यावर. मिठाचं, गुळाचं बेतानं. त्रास झाला की बंद करायचं आणि मला विचारायला यायचं. गोळ्या कुठं आहेत?"

"फळीवर," आत्याबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या.

"आवळ्यानं गोळी अंगी लागते, आजी. आवळा म्हणजे गोळी नव्हे."

"लागती?" आत्याबाई दचकल्या.

"चांगली लागते. लागलीच पाहिजे."

परतताना गाडी खडकाळ वाटेला लागली तशा आत्याबाई खाली उतरल्या. कासरा त्यांनी वाटेत भेटलेल्या एका गड्याच्या हातात दिला आणि स्वतः पुढं चालत वाटेतले धोंडे पायानं बाजूला सारू लागल्या. मोठा धोंडा आला की वाकून उचलायच्या, कडेला टाकायच्या आणि मागं न बघता ओरडायच्या, "हळू रं! हळू हाक!" मी आडवी पडून बघत होते. 'मागं घ्या ते पडवळाचे शब्द' असं म्हणायचं त्या दिवशी माझ्या ओठांवर आलं होतं. पण वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

मुलगी झाली. चांगली, रडकी, धडधाकट. नाव ठेवताना पुन्हा तमाशा. सरिता नको, सरून जाईल. संध्या नको, मावळेल. शेवटी शाळेतल्या मास्तरांनी 'अचला' सुचवलं, म्हणजे न हलणारी. आत्याबाईंनी तिथंच साखर वाटली. पोरगी अशी निघाली की अजून एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. गावात मात्र आत्याबाई सांगत फिरल्या, "नेल्लीकाई मी शोधली." मी शोधली म्हणे! याचाही राग मी बाळगून आहे.

पुढं त्या थकल्या, साखर वाढली, लातूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. डबा घेऊन मीच जायची. एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी सरळ विचारलं, "आत्याबाई, पडवळाचं ते कशाला बोलला होतात?"

त्यांनी डबा बाजूला सारला.

"बाया इचारत हुत्या," त्या म्हणाल्या. "कुणाचं तर नाव घ्यावंच लागतंय गं. तुझं घेऊ? का तुला घागरी उचलाय लावल्या म्हणून माझं घेऊ? तुझं घेतलं तर तू जगली नसतीस. माझं घेतलं तर आपल्याला एका घरात ऱ्हाता आलं नसतं. पडवळाला काय वाटतंय?"

मी चिडले. "मग हे तेव्हाच मला सांगायचं होतं!"

"तू इचारलंस कुठं? तू नुसती भांडलीस." मग डोळे मिटून म्हणाल्या, "च्या आण जा. गोड आण."

गोड चहा त्यांना बंद होता. तरी मी खाली गेले. हॉटेलवाल्यानं कप पाऊण भरला, त्याच्याशी भांडून काठोकाठ भरून घेतला. वर येते तो त्यांना झोप लागलेली. मी कपावर बशी झाकली आणि शेजारी बसले. उठल्या की चहा गार झाला म्हणून कुरकुर करणार, हे ठरलेलं. तेव्हा त्यांना काय सुनवायचं ते मी मनात नीट जुळवून ठेवलं होतं. अगदी बिनतोड उत्तर होतं.

त्या उठल्या नाहीत. उत्तर माझ्यापाशीच राहिलं.