बोंडअळीचे अडीच सूर

नार्नूरमध्ये नागेश हा दोन आवाजांचा माणूस म्हणून ओळखला जातो. दिवसा तो एका सरकारी हापिसात कंत्राटी कारकून. तिथं त्याचा आवाज इतका बारीक, की साहेब फायलीतून मान वर न काढता ओरडतात, "गट्टिगा चेप्पु, नागेश!" जोरात बोल म्हणून. नागेश जोरात बोलत नाही. "जी सार," म्हणतो, आणि खिडकीपुढच्या बाईला तितक्याच बारीक आवाजात "उद्या ये माय" म्हणून वाटेला लावतो.

सहा वाजले की हाच माणूस बाबारावांच्या कापसाच्या गोदामात माइक जवळजवळ तोंडात कोंबून असा बोंबलतो, की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरते. ही तक्रार म्हशीच्या मालकानं बाबारावांकडे रीतसर नोंदवलेली आहे.

बँडचं नाव 'बोंडअळी'. कापसाच्या मुलखात याच्याहून बदनाम नाव सापडलं नाही, म्हणून ते ठेवलं. हे खूळ आणलं हर्षदीपनं. तो बासरला इंजिनियर व्हायला गेला आणि परत आला तो डिग्री आणि एक काळी गिटार घेऊन. पुढं झाला शाळेत मास्तर. होस्टेलात त्याला कुणीतरी हार्डकोर पंक ऐकवलं होतं. चाळीस सेकंदात संपणारं गाणं, ड्रमची धडधड, गिटारचा खरखराट, आणि वर एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतो आहे.

"यात सूर लागत नाई," हर्षदीपनं गावात येऊन सांगितलं. "जीव लागते."

नागेशला हे ऐकून भरून आलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्याला मागच्या रांगेत उभं करून गुरुजींनी सांगितलं होतं, "तू नुस्ते ओठ हालव." दहावीपर्यंत तो ओठच हालवत होता. त्यात त्याची माय मनकर्णा ही विहारातल्या महिला मंडळाची मुख्य गाणारी. तिनं भीमगीत उचललं की चार गावच्या बाया सरसावून बसतात. अशा बाईच्या पोटी हा असा, म्हणून लोक हळहळत. तर बेसूर माणसाला मानाची जागा देणारं गाणं जगात आहे हे कळल्यावर नागेशनं माइक धरला तो सोडला नाही. ड्रमवर बसला बाबारावांचा पोरगा भूषण. त्याला वाजवता येतं का, हे कुणी विचारलं नाही. गोदाम त्याच्या बापाचं होतं.

चार वर्षं अशी सुखात गेली. मग हर्षदीपचं लग्न ठरलं आणि त्याला गाण्यात गोडवा हवासा झाला.

"भाऊ, आता चाल पायजे," तो म्हणाला. "जगातले सारे हार्डकोरवाले मंग चालीवर येतेत."

"सारे मरतेत बी मंग," नागेश म्हणाला. "आपुन काऊन घाई कराची?"

पण घाईला कारण होतं. विहार समितीनं भीमजयंतीच्या कार्यक्रमात 'बोंडअळी'ला पंधरा मिनिटं दिली होती. तिथली रीत अशी, की गाणाऱ्यानं धृपद एकदा म्हणायचं आणि समोर बसलेल्या बायांनी ते उचलायचं. बायांनी उचललं तर गाणं पास. नाही उचललं तर दुसऱ्या कडव्याला कुणीतरी मोठ्यानं विचारतं, "चहा झाला का वं?" आणि मोठमोठे गाणारे तिथं पेटी आवरतात. आता बोंबललेलं धृपद बायांनी उचलावं कसं? हर्षदीपचं म्हणणं, चाल पाहिजे. आणि जुन्या माणसाला चाल जमत नसेल तर माणूस नवा पाहिजे. नवा कोण, ते तो बोलला नाही. पण आजकाल गिटार वाजवता वाजवता तो स्वतःच गुणगुणायचा, आणि वाईट म्हणजे बरं गुणगुणायचा.

नागेशनं दात-ओठ खाल्ले आणि गायला लागला.

आणि काय नवल, सूर लागला! महिना फाल्गुनाचा. भाव पडलेला, म्हणून बाबारावांनी कापूस विकला नव्हता. गोदाम आढ्यापर्यंत भरलेलं. तिघं ढिगात गुडघ्यापर्यंत रुतून तालीम करायचे. नागेश डोळे मिटून गायचा आणि त्याचा आवाज दुधावरच्या सायीसारखा यायचा.

"बे, काय मऊ गाऊन राह्यला तू!" भूषण म्हणायचा.

झालं. नागेशनं तंबाखूचा खर्रा सोडला. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळला. हापिसात गरम पाणी पिऊ लागला. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "सार, गळा जपून राह्यलो." ज्याचा आवाज तीन वर्षांत कुणी ऐकला नव्हता, तो नेमकं काय जपतो आहे, हे साहेबांना कळेना.

जयंतीला पाच दिवस राहिले आणि भाव चढला. बाबारावांनी एका दिवसात तीन लॉऱ्या भरून गोदाम झाडून घेतलं. संध्याकाळी तिघं आले तो आत चार भिंती आणि वर टीन. नागेशनं मफलर सारखा केला, डोळे मिटले आणि गायला.

आवाज टिनाला लागला, परत आला, भिंतीला लागला, पुन्हा आला, आणि दोन महिने कापसानं जे जे गिळलं होतं ते सगळं घेऊन आला. भूषणची काडी हवेतच राहिली. बाबाराव दारात धावत आले.

"कोन मेलं रे?"

घरात कापूस भरला की पलीकडच्या खोलीतलं भांडण ऐकू येत नाही, हे नार्नूरच्या शेंबड्या लेकराला ठाऊक असतं. या तिघांच्या मात्र डोक्यात आलं नाही. सूर नागेशचा नव्हता, कापसाचा होता. आणि कापूस लॉरीत बसून गेला होता.

हर्षदीप गिटारच्या खुंट्या पिळत खाली पाहून म्हणाला, "नागेशभाऊ, या बारीले मी गातो. तू मागून कोरसमंदी..."

"नुस्ते ओठ हालवू का?" नागेशनं विचारलं, तेही हापिसातल्या आवाजात.

घरी मनकर्णा मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. आजवर तो मायपुढं कधी गायला नव्हता. लाजच तेवढी होती. आज सारं सांगितलं.

"म्हन," ती म्हणाली.

"काय?"

"जे म्हन्तं ते. म्हन."

तो गायला. कीड लागलेलं वांगं फिरवून पाहावं तसं तिनं ते ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाली, "तुले अडीच सूर हायेत."

"अडीच?"

"दोन पक्के. तिसऱ्याच्या दारापावतर जातं अन् वापस येतं. अन् त्या मास्तरनं चाल बांधली सात सुराची. सात खोल्या बांधल्या अन् राहाले एकटा तू!"

"इतके वर्स सांगतलं नाई माय तू?"

"तू कवा गायला माह्यापुढं? बोंबलला ते गावापुढं."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गोदामात गेली. हर्षदीपला म्हणाली, "हे वरचं काढ. हे बी काढ. हे कायले ठेवलं?" बासरला शिकलेला माणूस निमूट काढत गेला. भूषणनं भीत भीत विचारलं, "काकू, माहं?"

"तुह्यं राहू दे बापा. ढोलाले सूर नसते."

वेग तोच राहिला, धडधड तीच. वर फक्त अडीच सुरांची साधी चाल. त्या चालीत बसेल असा एकच शब्द नागेशच्या तोंडात मुरलेला होता. त्याचंच गाणं केलं.

जयंतीला विहारापुढं सतरंज्या पडल्या. पुढं बाया, मागं माणसं. नागेशनं मफलर सोडून माइक धरला. भूषणनं ठोकलं, हर्षदीपनं खरखरवलं, आणि नागेशनं एकदा म्हटलं,

"उद्या ये, उद्या ये, सही नाई झाली, उद्या ये!"

हर्षदीपची नजर चहाच्या पातेल्याकडे गेली. आणि पुढच्या रांगेतल्या सोजरबाईनं, जी पेन्शनच्या कागदासाठी नागेशच्या खिडकीवर अकरा वेळा जाऊन आली होती, पदर खोचला आणि धृपद उचललं. मग कुणी मागं राहिलं नाही. त्या सतरंजीवरच्या बहुतेक बायांनी हेच शब्द याच तोंडून ऐकलेले होते. परत करायची संधी पहिल्यांदा आली होती. बोटं नागेशकडे रोखून, टाळ्या वाजवून त्या म्हणत राहिल्या. नागेश थांबला की त्या सुरू, त्या दमल्या की नागेश. चाळीस सेकंदांचं गाणं पंधरा मिनिटं चाललं. दुसऱ्या गाण्याची गरजच पडली नाही. चहाचं नाव कुणी काढलं नाही.

कार्यक्रम सरल्यावर हर्षदीप आला. "उटनूरवाले बलावून राह्यले पुढच्या मयन्यात. तूच गायजो, भाऊ. पन एका गान्यावर कसं भागीन? दुसरं बांधा लागते."

मनकर्णा सतरंजी झटकत होती. "दुसऱ्याले अडीचात नाई भागत. तीन लागतीन. अन् तो अर्धा काढाले मले सहा मयने लागतेत."

"मंग तवर उटनूरले काय गावाचं, काकू?"

"हेच न्या," ती म्हणाली. "उटनूरच्या बायाइले का हापिसं नाईत?"